घंगाळावरची पाटी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पितळेचं एक घंगाळ आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत न्हाणीत असायचं त्याच जातीचं, तोंडाशी साधारण अर्धा मीटर रुंद. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इजिप्त आणि सीरियावर मामलुक सुलतानांचं राज्य असताना ते घडवलं गेलं. पितळेवर खाचा पाडून त्यांत चांदी-सोनं ठोकून बसवलंय. बाहेरच्या अंगावर अमीर-उमराव, नोकरचाकर, घोड्यावरचे शिकारी. त्यांच्या वर-खाली पळणाऱ्या जनावरांच्या रांगा. आत वाकून पाहिलं तर तळाशी मासेच मासे. म्हणजे घंगाळात पाणी ओतलं की हे मासे पाण्याखाली जाणार. कारागिराला आपल्या कामाचा एवढा अभिमान की त्याने त्यावर सहा ठिकाणी सही केली आहे: मुहम्मद इब्न अल-झैन.

जगात मात्र हे घंगाळ 'सेंट लुईचं बाप्तिस्मापात्र' म्हणून ओळखलं जातं. सेंट लुई म्हणजे फ्रान्सचा राजा नववा लुई. तो 1270 मध्ये वारला आणि घंगाळ त्यानंतर काही दशकांनी घडलं, तेव्हा त्याचा या पात्राशी संबंध असणं शक्यच नाही. पण ते फ्रान्सच्या राजघराण्याकडे पोचलं, त्यावर तिथल्या राजचिन्हातली लिलीची फुलं बसवली गेली आणि पुढे राजपुत्रांच्या बाप्तिस्म्याला ते वापरायची रीत पडली. 1606 मध्ये तेराव्या लुईचा बाप्तिस्मा याच पात्रातल्या पाण्याने झाला. 1856 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या मुलाचाही. मुहम्मद नावाच्या कारागिराची सही असलेल्या पात्रातून फ्रान्सच्या गादीचे वारस ख्रिस्ती झाले. आज ते लूव्रच्या 'इस्लामी कला' विभागात आहे.

पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मनात आलेला प्रश्न अजून गेलेला नाही. हे घंगाळ फ्रान्सच्या इतिहासाच्या दालनात का नाही? ज्या राजवाड्याचं हे संग्रहालय झालं, त्याच राजघराण्याच्या देवघरातली ही वस्तू. कित्येक फ्रेंच राजांपेक्षा ती फ्रान्समध्ये जास्त काळ राहिली आहे. तरी तिच्यावरची पाटी तिला पाहुणी ठरवते.

गेल्या वीस वर्षांत युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांनी इस्लामी कलेची नवी, देखणी, खर्चिक दालनं उघडली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 2006 मध्ये, लूव्रमध्ये 2012 मध्ये, ब्रिटिश म्युझियममध्ये 2018 मध्ये. त्या प्रत्येक वेळी एक शब्द ऐकू आला: पूल. युरोप आणि इस्लाम यांच्यातला पूल. तो शब्द चांगल्या मनाने वापरला जातो हे मला मान्य आहे. पण पूल बांधायचा तर आधी दोन काठ लागतात, आणि हे काठ संग्रहालयं स्वतःच आखत आली आहेत. एका घरात नांदलेल्या वस्तू वेगवेगळ्या खोल्यांत टाकायच्या, मधल्या भिंतीला दार पाडायचं आणि त्या दाराला संवाद म्हणायचं, यावर माझा आक्षेप आहे. या वस्तूंना शांतिदूत म्हणून उभं करण्याची गरज नाही. त्या कुणी केल्या, कुणी वापरल्या, कुणी विकल्या आणि इथे कशा आल्या हे सरळ सांगितलं, तर काठ आपोआप पुसट होतात. आणि हेच सांगायला संग्रहालयं सगळ्यात जास्त कचरतात.

मुळात 'इस्लामी कला' हा शब्द त्या वस्तू घडवणाऱ्यांचा नाही. इराणातल्या काशानच्या विणकराने, कैरोच्या तांबटाने, तुर्कस्तानातल्या इझनिकच्या कुंभाराने आपण इस्लामी कला करतोय असं कधी म्हटलं नसेल. ही वर्गवारी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी आणि व्यापाऱ्यांनी केली. त्याआधी 'सारासेन', 'मूरिश', 'पर्शियन' अशी नावं चालत. 1910 मध्ये म्युनिकला भरलेलं मोठं प्रदर्शन 'मुहम्मदी कले'चं होतं. साडेतीन हजारांहून जास्त वस्तू तिथे मांडल्या होत्या. त्या काळी पौर्वात्य वस्तू म्हणजे झुंबरं, गाद्यागिरद्या, हुक्का, असा बाजारी थाट असायचा. म्युनिकच्या मांडणाऱ्यांनी तो निग्रहाने टाळला. फिकट भिंती, मोकळी जागा, प्रत्येक वस्तूला तिचा मान. मातीस आणि कांदिन्स्की यांच्यासारखे चित्रकार ते प्रदर्शन पाहून गेले. या वस्तूंकडे कुतूहलाची चीज म्हणून न पाहता कला म्हणून पाहायला युरोप तिथे शिकला, हे त्या लोकांचं मोठं काम.

पण त्या शिकण्याची एक किंमत होती आणि ती आपण आजही मोजतो आहोत. वस्तू कला झाली तेव्हा ती वापरातून उठली. घंगाळातलं पाणी गेलं, गालिच्यावरची पावलं गेली, दिव्यातलं तेल गेलं. उरली ती नक्षी. आजच्या दालनांतही अंधाऱ्या खोलीत काचेमागे वस्तू दागिन्यासारखी चमकते. पाटीवर साल, जागा, साहित्य आणि देणगीदाराचं नाव. पाहणारा 'किती सुंदर!' म्हणतो आणि पुढे सरकतो. सुंदर तर ते आहेच. पण ज्यांच्याबद्दल रोजच्या बातम्यांतून भीतीच कानावर पडते, त्या लोकांची नुसती नक्षी दाखवून भीती कमी होत नाही. नक्षीला शेजारी नसतात, भूक नसते, देणं-घेणं नसतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं नाव अलीकडे आपल्याकडे घरोघरी पोचलं ते वाघनखांमुळे. 2024 मध्ये ती तिथूनच साताऱ्याला आली. त्याच संग्रहालयात अर्दबीलचा गालिचा आहे. जमिनीवर पसरलेला, चहूबाजूंनी काच. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरहून जास्त. रेशमाच्या ताण्याबाण्यावर लोकरीच्या गाठी मारून विणलेला. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे वाढवतात. मी गेले तेव्हा उजेड मंद होता. लोक काचेपाशी येत, डोळे बारीक करत, निघून जात. मी थांबले. दिवे उजळले आणि गडद निळ्यातून हजारो वेली, मधलं पिवळं पदक आणि त्याच्या दोन्ही टोकांना टांगलेले दोन दिवे वर आले. एक दिवा लहान, एक मोठा. हा फरक का केला यावर अभ्यासकांचे तर्क चालूच आहेत.

एका टोकाला चौकटीत चार ओळी विणल्या आहेत. आधी फारसी कवी हाफिजचा शेर. अर्थ असा: तुझ्या उंबऱ्यावाचून मला या जगात आसरा नाही, या दाराखेरीज माथा टेकायला जागा नाही. मग, 'या दरगाहीचा दास मकसूद काशानी याचं काम'. आणि साल, हिजरी 946, म्हणजे इसवी सन 1539-40.

मराठी वाचकाला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ज्यांच्या घरातल्या माणसांनी पंढरपूरला नामदेव पायरीवर डोकं टेकवलंय, त्यांना उंबऱ्याशी पडून राहण्याची आस कशी असते हे ठाऊक आहे. अर्दबील हे इराणच्या वायव्येचं गाव. तिथे शेख सफीउद्दीन या सुफी संताची दरगाह आहे, आणि हा गालिचा तिथे लोकांच्या पायाखाली होता. दरगाह हा शब्दही आपल्याला परका नाही. विशाळगडावर, हाजीमलंगला, गावोगावच्या उरुसात आपण तो वापरतोच.

त्या दहा मिनिटांत माझ्या शेजारच्या दोघांनी तो शेर मोठ्याने वाचला. आधी फारसीत, अडखळत, मग आपसांत काही बोलले. मला भाषा कळली नाही, पण आवाज खाली गेला तो कळला. देवळात आपण नकळत आवाज खाली आणतो, तसा. दिवे मंद झाले तेव्हा ते निघून गेले. त्या दालनात त्या गालिच्याशी बोलणारं त्या वेळी तेवढंच कुणीतरी होतं.

हा गालिचा इथे आला कसा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या एका गालिचे-कंपनीने तो दरगाहीतून विकत घेतला. तोही एकटा नव्हता, जोडीचा होता. दोन्ही झिजलेले. लंडनच्या व्यापाऱ्याने एकाचे तुकडे काढून दुसरा दुरुस्त केला आणि तो अखंड, अद्वितीय नग म्हणून बाजारात मांडला. 1893 मध्ये विल्यम मॉरिस या नामवंत इंग्रज नक्षीकाराच्या शिफारशीने संग्रहालयाने तो 2,000 पौंडांना घेतला. काठ गमावलेला दुसरा गालिचा आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. हे काही गुपित नाही, संग्रहालय स्वतःच ते सांगतं. माझं म्हणणं असं की हीच गोष्ट दालनाच्या मध्यभागी, मोठ्या अक्षरांत हवी. एका गालिच्याला संपूर्ण दिसावं म्हणून त्याच्या जुळ्या भावाला उसवलं गेलं. युरोपने 'इस्लामी कला' नावाची वस्तू कशी तयार केली, हे याहून स्पष्ट कुठली पाटी सांगेल?

आता लूव्रकडे परत येते, कारण राजकारण तिथे सगळ्यात उघड आहे. 2003 मध्ये जाक शिराक राष्ट्राध्यक्ष असताना लूव्रमध्ये इस्लामी कलेचा स्वतंत्र विभाग झाला, संग्रहालयाचा आठवा. त्याआधी या वस्तू पौर्वात्य पुरातत्त्वाच्या पोटात होत्या आणि त्यांतल्या बहुतेक कोठारात पडून होत्या. लगेच पुढच्या वर्षी, मार्च 2004 मध्ये, सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणारा कायदा झाला. त्याची सगळ्यात मोठी झळ डोक्याला रुमाल बांधणाऱ्या मुलींना बसली. 2012 च्या सप्टेंबरात व्हिस्कोंती चौकावर सोनेरी, लाटेसारखं छत असलेलं नवं दालन उघडलं. मारिओ बेल्लिनी आणि रुदी रिचिओती यांचं ते काम खरोखर अप्रतिम आहे. एखादा रेशमी पदर वाऱ्यावर उचलला जावा तसं छत. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष ओलांद म्हणाले की इस्लामच्या नावाने चालणाऱ्या कट्टरतेशी लढायची उत्तम हत्यारं इस्लाममध्येच आहेत. त्याच आठवड्यात पॅरिसच्या एका साप्ताहिकाने प्रेषितांची व्यंगचित्रं छापली आणि बऱ्याच देशांतल्या फ्रेंच वकिलातींना पहारा लावावा लागला.

एकाच देशाच्या सरकारांनी मुलीचा रुमाल शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवायला लावला आणि तिच्या पूर्वजांची सुरई संग्रहालयात सन्मानाने मांडली. यात शिराक किंवा ओलांद दोघांचाही हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीला काय ऐकू आलं असेल? तुझ्या लोकांची सातशे वर्षांपूर्वीची कला आम्हाला हवी आहे, आजची तू जरा अवघड आहेस. दालनातल्या वस्तूंचा काळही हेच सांगतो. लूव्रचा हा संग्रह सातव्या शतकात सुरू होतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबतो. जणू त्यानंतर या लोकांनी काही केलंच नाही, फक्त बातम्यांत आले. 'तुमचे पूर्वज फार थोर होते' या वाक्यातली दुसरी ओळ कुणी उच्चारत नाही, पण ती प्रत्येकाला ऐकू येते. ब्रिटिश म्युझियमने आपल्या नव्या दालनात आजच्या कलावंतांची कामं घेतली आणि दालनाचं नावही 'इस्लामी कला' न ठेवता 'इस्लामी जग' ठेवलं, ही त्यातल्या त्यात पुढची पायरी.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते मी गंभीरपणे घेते. स्वतंत्र विभाग झाला म्हणून पैसा आला, जागा मिळाली, त्या भाषा जाणणारे अभ्यासक नेमले गेले, कोठारातल्या वस्तू उजेडात आल्या. लूव्रला सौदी राजपुत्र अल्वालीद बिन तलाल यांनी 1 कोटी 70 लाख युरो दिले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या दालनामागे सौदी जमील घराणं आहे, ब्रिटिश म्युझियमच्या दालनामागे मलेशियाचा अल्बुखारी प्रतिष्ठान. स्वतंत्र नाव नसतं तर हा पैसा आला नसता, आणि पैशाविना आजही ही पात्रं खोक्यांतच असती. खरं आहे. मलाही ती खोक्यांत नको आहेत. पण देणगीदार, सरकार आणि संग्रहालय या तिघांनाही न टोचणारी गोष्ट सांगायची म्हटलं की शेवटी नक्षीच उरते, हेही तितकंच खरं. धर्मातले वाद, राजवटींची क्रूरता, गुलामांची ने-आण, दारूचे पेले आणि त्यांवरच्या कविता, वसाहतींची लूट, यांतलं काहीच पाटीवर पुरतं येत नाही. मामलुक हा शब्दच 'मालकीचा', म्हणजे विकत घेतलेला गुलाम, असा आहे. गुलाम म्हणून विकत घेतलेली मुलं पुढे सुलतान झाली आणि त्यांच्या राज्यात ते घंगाळ घडलं. एवढी विलक्षण गोष्ट हाताशी असताना आपण पाहणाऱ्याला जडावकामाचं तंत्र सांगत बसतो.

वर्गवारीची गंमत आपल्या दख्खनच्या संदर्भात अधिक कळते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा घ्या. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' हा गाण्यांचा ग्रंथ रचला आणि त्यात सरस्वतीचं स्तवन केलं, गेसूदराज या सुफी संताचंही केलं. या बादशहाचं चित्र कुठल्या दालनात लावायचं? लूव्रमध्ये स्पेनपासून हिंदुस्थानापर्यंतचं सगळं इस्लामी विभागात येतं, म्हणजे मुघलही तिथेच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये मुघल वस्तू दक्षिण आशियाच्या दालनात जातात आणि इस्लामी दालन मुख्यत्वे मध्यपूर्वेचं. म्हणजे इंग्लिश खाडी ओलांडली की तीच कट्यार धर्म सोडून प्रदेशात राहायला जाते. अहमदनगरच्या निजामशाहीतली 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सोळाव्या शतकातली सचित्र फारसी पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, सदाशिव पेठेत. हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंजा हुमायूँ त्या चित्रांत आहेत. तिथल्या कुणालाही ती परक्या संस्कृतीची पोथी वाटत नाही. ती आपल्या इतिहासाचं साधन आहे, बस्स. आपल्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. निजामशाहीला आपली म्हणायला नकार देणारे आवाज इथेही वाढले आहेत, आणि त्याचं मला दुःख आहे. पण ती पोथी ज्या कपाटात आहे ते कपाट योग्य आहे.

युरोपातही अशी योग्य कपाटं आहेत, फक्त तिथे कुणी त्यांना इस्लामी म्हणत नाही. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या खजिन्यात लाल रेशमाचा एक विशाल अर्धवर्तुळाकार झगा आहे. मधोमध खजुराचं झाड, दोन्ही बाजूंना एकेक सिंह, आणि प्रत्येक सिंहाच्या पंजाखाली एक उंट. सोन्याच्या तारेचं भरतकाम, मोत्यांच्या ओळी. काठावर कूफी लिपीत अरबी मजकूर: सिसिलीच्या राजधानीत, राजाच्या कारखान्यात, सन 528 मध्ये हे काम झालं. सन हिजरी आहे, इसवी 1133-34. हा झगा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी पालेर्मोत शिवला गेला, आणि पुढे पवित्र रोमन सम्राट शतकानुशतकं राज्याभिषेकाला तो खांद्यावर घेत आले. ख्रिस्ती युरोपच्या सर्वोच्च सत्तेचं वस्त्र, त्याच्या काठाला अरबी अक्षरं आणि हिजरी सन. दक्षिण फ्रान्समध्ये आप्त नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये सेंट अ‍ॅनचा, म्हणजे येशूच्या आजीचा, पदर म्हणून जपलेलं जे कापड आहे, ते अकराव्या शतकाच्या अगदी अखेरीस इजिप्तच्या दमिएत्ता इथे विणलं गेलं आणि त्यावर तिथल्या फातिमी खलिफाचं नाव आहे. भाविकांनी त्याला हात जोडले. त्या विणकराचा धर्म त्यांच्या आड आला नाही.

म्हणून मला वाटतं की युरोपीय पाहुण्याला इस्लाम समजावून सांगण्याच्या खटपटीऐवजी त्याला युरोप समजावून सांगावा. व्हिएन्नाचा झगा, आप्तचा पदर, लूव्रचं घंगाळ ही तुझीच आजी-पणजीच्या पेटीतली चीजवस्तू आहे, आणि तिच्यावरची अक्षरं तू वाचायला विसरलास, हे त्याला कळू दे. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, अल्जीरियातून किंवा तुर्कस्तानातून आलेल्या आईबापांच्या मुलाला ती अक्षरं कदाचित लावता येतील. त्या क्षणी पाहुणा कोण आणि यजमान कोण हे बदलतं.

यात लपवाछपवी चालणार नाही. इस्तंबूलमध्ये हागिया सोफियाच्या आवारात दुसऱ्या सलीम सुलतानाची कबर आहे. तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना इझनिकच्या निळ्या-लाल फरशांच्या भिंती. त्यांतली एक खरी, दुसरी नक्कल. 1890 च्या दशकात इस्तंबूलमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच दंतवैद्याने, दोरिन्यी त्याचं नाव, दुरुस्तीसाठी म्हणून मूळ फरशा काढल्या, फ्रान्समध्ये बनवलेल्या फरशा त्या जागी बसवल्या आणि मूळ फरशा लूव्रमध्ये पोचल्या. तुर्कस्तान त्या परत मागतं. लूव्र म्हणतं आम्ही त्या कायदेशीर घेतल्या. इस्तंबूलमध्ये त्या नकलेशेजारी ही हकीकत सांगणारी पाटी आहे. तितकीच ठळक पाटी पॅरिसलाही हवी, कारण नुसत्या फरशांपेक्षा फरशा-आणि-नक्कल ही जोडी दोन शहरांबद्दल फार जास्त सांगते. परत द्याव्यात की नाही? माझ्या मते द्याव्यात. ज्या भिंतीवरून त्या काढल्या ती भिंत अजून उभी आहे.

बर्लिनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. जॉर्डनमध्ये अम्मानच्या दक्षिणेला मशत्ता नावाचा उमय्या खलिफांच्या काळातला अर्धवट राहिलेला राजवाडा आहे. आठव्या शतकातला. त्याच्या दर्शनी भिंतीवरची कोरीव चुनखडी ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने 1903 मध्ये जर्मन कैसरला भेट दिली; ती आता बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयाकडे आहे. पाच मीटर उंच आणि तीस मीटरहून लांब भिंत, त्रिकोणांत कोरलेल्या वेली, कमळं आणि त्यांत लपलेली जनावरं. नीट पाहिलं तर दाराच्या डाव्या बाजूच्या वेलींत सिंह, पक्षी, पंखवाले प्राणी पाणी पिताना दिसतात. उजव्या बाजूला एकही प्राणी नाही, नुसती पानं-फुलं. उजव्या भिंतीमागे मशीद होती म्हणून तसं केलं, असं मानलं जातं. 'इस्लाममध्ये चित्रं चालत नाहीत' हे जे सरसकट वाक्य युरोपात, आणि आपल्याकडेही, फेकलं जातं, त्याचं उत्तर या एका भिंतीवर आहे. एकाच मालकाने एकाच भिंतीवर कुठे प्राणी चालतील आणि कुठे नाही याचा विवेक केला. मुलांना ती भिंत दाखवून 'प्राणी शोधा' एवढंच सांगावं. उजव्या बाजूला आल्यावर प्रश्न त्यांचा तेच विचारतील.

त्याच संग्रहालयात अलेप्पोची खोली आहे. सीरियातल्या अलेप्पो शहरातल्या एका घराच्या बैठकीच्या खोलीचं लाकडी आवरण, 1600 ते 1603 या काळात रंगवलेलं, लाल आणि सोनेरी, इंच न् इंच फुलापानांनी भरलेलं. 1912 मध्ये बर्लिनने ते विकत घेतलं. घराचा मालक ईसा बिन बुत्रुस, म्हणजे पीटरचा मुलगा येशू. ख्रिस्ती व्यापारी. भिंतीवर बालयेशूला घेतलेली मेरी आहे, लैला-मजनूही आहेत, आणि अरबीत लिहिलेली बायबलातली स्तोत्रं आहेत. ही खोली पेर्गामोनमधल्या 'इस्लामी कला संग्रहालया'ची सगळ्यात लाडकी वस्तू. तिथे पोचल्यावर पाटीवरचा शब्द अपुरा पडतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. त्या व्यापाऱ्याच्या घरी मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू असे सगळे व्यवहाराला येत असणार, आणि त्या सगळ्यांना आपलं वाटेल असं त्याने भिंतींवर काढून घेतलं. शेजारधर्म म्हणजे काय ते या लाकडाने चारशे वर्षं जपलं.

2015 मध्ये लाखो सीरियन निर्वासित जर्मनीत आले. त्या वर्षाच्या डिसेंबरात बर्लिनच्या काही संग्रहालयांनी एकत्र येऊन एक उपक्रम सुरू केला: सीरिया आणि इराकमधून आलेल्या माणसांना शिकवून त्यांनाच वाटाडे म्हणून नेमायचं. आपल्यासारख्याच नव्याने आलेल्या लोकांना ते अरबीतून, विनामूल्य दालनं दाखवत. उपक्रमाचं नाव 'मुलतका', अरबीत भेटण्याची जागा. आपल्या 'मुलाखत' या शब्दाचं मूळही तेच. आणि हे वाटाडे फक्त इस्लामी दालनात फिरवत नसत. जर्मन इतिहासाच्या संग्रहालयातही नेत, 1945 सालच्या बेचिराख बर्लिनसमोर उभं करत. अलेप्पो तेव्हा जळत होतं. ज्यांचं शहर डोळ्यांसमोर ढिगारा होत होतं, त्यांना एक दुसरं शहर ढिगाऱ्यातून कसं उठलं हे त्यांच्याच माणसाने, त्यांच्याच भाषेत सांगितलं. युरोपातल्या कुठल्याही सोनेरी छतापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. त्याला फारसा खर्च नव्हता. पाटी कुणी वाचायची आणि सांगायचं कुणी, एवढाच अधिकार हलवला होता. पुढे ऑक्सफर्डच्या संग्रहालयांनीही याच नावाने हे काम उचललं.

पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे. इस्लामी कलेचा विभाग 2027 मध्ये नव्या जागी, उत्तरेच्या भागात उघडणार असं ठरलंय. मशत्ताची भिंत तिकडे हलणार, अलेप्पोची खोलीही. उघडेल तेव्हा मी जाईन. खोलीच्या बाहेर पाटीवर सगळ्यात वर ईसा बिन बुत्रुसचं नाव असावं, त्याखाली त्याच्या मोहल्ल्याचं, जुदैदाचं. मग 1912 मध्ये कुणी कुणाला किती पैशांना विकली ते. आणि शेवटी, त्या मोहल्ल्यातून आलेलं कुणी आज बर्लिनमध्ये राहत असेल, तर ही खोली कशी होती हे त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत, आधी अरबी आणि खाली जर्मन.